सस्तन प्राण्यांच्या अंडपेशीतील कॅल्शियमची स्पंदने: फलनाच्या वेळी नेमके काय घडते?

सूक्ष्मदृष्टी:

शुक्राणू अंडपेशीत शिरतो, कॅल्शियम वाढते आणि अंडपेशी जागी होते, एवढे सांगून बहुतेक पुस्तके हा विषय सोडून देतात. मी काही वर्षे उंदराच्या अंडपेशींमधील कॅल्शियम मोजण्याचे काम केले आहे, आणि त्या कामात पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरणारी गोष्ट या वाक्यात येतच नाही. कॅल्शियम एकदा वाढून थांबत नाही. ते वाढते, उतरते, काही मिनिटांनी पुन्हा वाढते, आणि हा क्रम कित्येक तास चालू राहतो. त्यामागची यंत्रणा संशोधकांना कशी उलगडत गेली याविषयी सविस्तर लिहावे, म्हणून हा धागा काढत आहे. चुका आढळल्यास जरूर दाखवाव्यात.

आधी अंडपेशीची स्थिती समजून घेऊ. अंडाशयातून बाहेर पडलेली अंडपेशी ही विभाजन अर्ध्यावर सोडलेली पेशी असते. अर्धसूत्री विभाजनाचा दुसरा टप्पा सुरू झालेला असतो, गुणसूत्रे तर्कूच्या (त्यांना ओढून अलग करणाऱ्या तंतूंच्या सांगाड्याच्या) मध्यावर ओळीने येऊन थांबलेली असतात, आणि तिथेच सगळे गोठते. ही स्थगिती ‘एमी२’ नावाचे प्रथिन टिकवून धरते. पेशीतील कोणती प्रथिने मोडीत काढायची यावर खूण करणारे ‘एपीसी’ नावाचे एक प्रथिनसंकुल असते. एमी२ त्याला दाबून ठेवते, त्यामुळे पेशीला विभाजनाच्या अवस्थेत धरून ठेवणारे सायक्लिन-बी हे प्रथिन शाबूत राहते आणि पेशी पुढे सरकत नाही. शुक्राणू आलाच नाही, तर साधारण एका दिवसात ही पेशी याच अवस्थेत जुनी होऊन संपते.

आता प्रत्यक्ष प्रयोगात काय दिसते ते सांगतो. अंडपेशीत फ्युरा-२ हा रंग भरून घेतात. हा रंग रॉजर च्येन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. तो कॅल्शियमला बांधला गेला की कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषायचा हे बदलतो. म्हणून ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा प्रकाश आलटून पालटून टाकतात आणि दोन्ही वेळी मिळालेल्या चकाकीचे गुणोत्तर काढतात. शुक्राणू सोडल्यानंतर बराच वेळ पडद्यावर सपाट रेघ सरकत राहते. त्या वेळी पेशीतील मुक्त कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर असते, म्हणजे बाहेरच्या द्रवातल्यापेक्षा दहा हजार पटींहून कमी. मग एका शुक्राणूचे पटल अंडपेशीच्या पटलाशी एकरूप होते, आणि थोड्याच वेळात त्या बाजूने निघालेली लाट काही सेकंदांत पेशीच्या पलीकडच्या काठाला पोहोचते. रेघ जवळजवळ उभी चढते. पातळी दहापटीच्या आसपास जाते. हा पहिला चढ काही मिनिटे टिकतो आणि त्याच्या माथ्यावर बारीक दातेरी चढउतार दिसतात. नंतरची स्पंदने आटोपशीर असतात. उंदरात प्रत्येक स्पंदन साधारण एका मिनिटाचे आणि दोहोंमधले अंतर बहुधा दहा मिनिटांच्या आसपास. मानवी अंडपेशीत हे अंतर जास्त असते. नर आणि मादी पूर्वकेंद्रके (शुक्राणू व अंडपेशी यांच्या गुणसूत्रांची एकत्र येण्यापूर्वीची वेगवेगळी केंद्रके) तयार होण्याच्या सुमारास, म्हणजे उंदरात काही तासांनी, हा खेळ थांबतो.

इतिहास थोडक्यात. फलनाच्या वेळची कॅल्शियमची लाट १९७७ मध्ये प्रथम मेडाका माशाच्या अंड्यात प्रत्यक्ष दिसली. रिजवे, गिल्की आणि जॅफी यांनी त्यासाठी एक्वोरिन हे जेलीफिशमधले चमकणारे प्रथिन वापरले होते. तेच प्रथिन वापरून १९८१ मध्ये कथबर्टसन, व्हिटिंगहॅम आणि कॉबोल्ड यांनी उंदराच्या अंडपेशीत पुन्हा पुन्हा येणारी स्पंदने नोंदवली. हे कॅल्शियम येते कुठून, तर मुख्यतः पेशीच्या आतल्या आंतर्द्रव्य जालिकेतून. तिच्या पटलावर आयपी३ या छोट्या रेणूसाठी ग्राही असतात. आयपी३ येऊन बसला की मार्गिका उघडते आणि साठा बाहेर पडतो. मियाझाकी यांच्या गटाने १९९२ मध्ये हॅमस्टरच्या अंडपेशीत या ग्राहीला अडवणारे प्रतिपिंड घातले, तेव्हा शुक्राणू येऊनही लाट उठली नाही. त्यानंतर आतल्या साठ्याविषयी फारसा वाद उरला नाही.

वाद उरला तो वेगळ्याच मुद्द्यावर: आयपी३ तयार करण्याचा आदेश कोण देते? एका पक्षाचे म्हणणे असे की शुक्राणू अंडपेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला स्पर्श करतो आणि निरोप आत जातो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की शुक्राणू स्वतःच काहीतरी आत घेऊन येतो. कार्ल स्वॉन यांनी १९९० मध्ये शुक्राणूंचा अर्क हॅमस्टरच्या अंडपेशीत टोचला आणि फलनासारखीच स्पंदने मिळवली. मग तो घटक शोधण्याची धडपड सुरू झाली. १९९६ मध्ये ‘ऑसिलिन’ हे नाव पुढे आले आणि काही काळाने मागेही पडले. अखेर २००२ मध्ये स्वॉन आणि कार्डिफ येथील टोनी लाय यांच्या गटाने पीएलसी-झीटा हे केवळ शुक्राणूत आढळणारे विकर वर्णन केले. पटलातील एका मेदरेणूचे तुकडे करून आयपी३ तयार करणे हे त्याचे काम. त्याचा संदेश-आरएनए एकटाच अंडपेशीत टोचला तरी स्पंदने सुरू होतात, आणि अर्कातून ते प्रथिन काढून टाकले की अर्क निष्प्रभ होतो. या विकराशिवाय फलन होऊच शकत नाही, असे आता मानले जाते.

खडूफळा:

अतिशय उपयुक्त लेखन. मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो आणि कबूल करतो की आजवर मी पहिल्याच पक्षाची गोष्ट सांगत आलो. आमच्या टिपणांत शुक्राणू ‘ग्राहीला बांधला जातो’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. मग इझुमो आणि जुनो या प्रथिनांच्या जोडीचे काय? २०१४ मध्ये जुनोचा शोध लागला तेव्हा बातम्यांतून असा समज झाला होता की हाच तो निरोप देणारा ग्राही. दुसरी शंका अशी की सी-अर्चिनच्या अंड्यात कॅल्शियम एकदाच वाढते असे वाचले आहे. मग सस्तन प्राण्यांनाच ही लांबण कशासाठी?

सूक्ष्मदृष्टी:

‘बांधला जातो’ हे शब्द चुकीचे नाहीत. त्यानंतरचा ‘म्हणून निरोप जातो’ हा भाग गडबडीचा आहे. शुक्राणूवरील इझुमो आणि अंडपेशीवरील जुनो यांची पकड झाल्याखेरीज दोन्ही पटले जवळ येत नाहीत, आणि ती पकड नसेल तर उंदीर वंध्य राहतो. मात्र कॅल्शियमची लाट पटले एकरूप झाल्यावर, म्हणजे शुक्राणूच्या आतला माल अंडपेशीच्या पेशीद्रव्यात उतरायला वाट झाल्यावर, सुरू होते. जुनो हा दाराचा कडीकोयंडा आहे. फलनानंतर अर्ध्यापाऊण तासात अंडपेशी जुनो आपल्या पृष्ठभागावरून झटकून टाकते, हीही मजेची गोष्ट. पुढच्या शुक्राणूंना धरायला काही उरत नाही.

दुसऱ्या पक्षाची बाजू सर्वांत सोप्या रीतीने सिद्ध केली ती इक्सी या तंत्राने, आणि तेही कोणाचा तसा हेतू नसताना. १९९२ मध्ये ब्रसेल्स येथील पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी या तंत्राने झालेल्या गर्भधारणा प्रसिद्ध केल्या. त्यात सुईने एक शुक्राणू थेट पेशीद्रव्यात सोडतात. पृष्ठभागावरच्या ग्राहीची भेटच होत नाही, तरीही स्पंदने येतात. विद्यार्थ्यांना हे एकच उदाहरण पुरेसे ठरावे.

सी-अर्चिनविषयीचे तुमचे वाचन बरोबर आहे. बेडकातही एकच मोठी लाट असते. परंतु सी-अर्चिनच्या अंड्याचे अर्धसूत्री विभाजन फलनापूर्वीच पुरे झालेले असते, तर बेडकाचे अंडे आपल्यासारखेच दुसऱ्या टप्प्यावर थांबलेले असूनही एका लाटेने सुटते. त्यामुळे ‘स्थगिती कुठे आहे’ एवढ्यावरून स्पंदनांचे उत्तर मिळत नाही.

अर्धविराम:

माझे शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचे, त्यामुळे जीवशास्त्रात चुकलो तर सांभाळून घ्यावे. वर्णन वाचताना मला सरळ सरळ शिथिलन-दोलक दिसतो: हळूहळू भरणारा साठा, एक उंबरठा, तो ओलांडताच एकदम रिकामे होणे, आणि पुन्हा भरणे. अशा दोलकाला तीन गोष्टी लागतात. चढताना स्वतःलाच जोर देणारा प्रतिपोष, वर पोहोचल्यावर बंद करणारी काहीतरी यंत्रणा, आणि पुन्हा भरण्यासाठी ऊर्जा. या तिन्हींच्या जागी अंडपेशीत काय आहे? आणि पुढचा खरा प्रश्न असा की ग्रहण करणाऱ्या बाजूला ही स्पंदने मोजणारे कोणी आहे का, की शेवटी एकूण क्षेत्रफळच महत्त्वाचे?

सूक्ष्मदृष्टी:

तुम्ही चुकला नाहीत; उलट याच क्रमाने उत्तर देणे सोयीचे जाईल.

जोर देणारा प्रतिपोष दोन ठिकाणी आहे. आयपी३चा ग्राही कॅल्शियमनेच अधिक उघडतो, त्यामुळे एका मार्गिकेतून सुटलेले आयन शेजारच्या मार्गिकेला उघडतात आणि लाट पुढे सरकते. शिवाय पीएलसी-झीटा स्वतः कॅल्शियमला विलक्षण संवेदनशील आहे. त्याच्या कुळातील इतर विकरांना काम करण्यासाठी कॅल्शियम बरेच वाढावे लागते, पण हे विकर विश्रांत अवस्थेतील १०० नॅनोमोलरच्या आसपासही चांगले चालते, आणि कॅल्शियम वाढले की आणखी आयपी३ बनवते. शुक्राणूत तेच प्रथिन गप्प का असते, हा प्रश्न त्यामुळे फार रंजक ठरतो.

बंद करणारी यंत्रणा म्हणजे तोच ग्राही. कॅल्शियम फार वाढले की तो मिटू लागतो. हा घंटेच्या आकाराचा आलेख १९९१ मध्ये दाखवला गेला. साठा ओसरणे हेही थांबण्याचे दुसरे कारण आहेच.

ऊर्जेचे म्हणाल तर जालिकेच्या पटलावरचे पंप एटीपी खर्चून कॅल्शियम परत आत ओढतात आणि हे एटीपी तंतुकणिका पुरवतात. तंतुकणिकांचे काम औषधाने थांबवले की स्पंदने थांबतात. मात्र प्रत्येक वेळी थोडे कॅल्शियम पेशीबाहेर निसटते, आणि ती तूट बाहेरून भरावी लागते. बाहेरच्या द्रवातून कॅल्शियम काढून टाकले तर उंदराची अंडपेशी काही स्पंदने देऊन थकते. ही भरपाई पटलावरील ‘ट्रिप-एम७’ आणि ‘कॅव्ह ३.२’ या मार्गिकांतून मोठ्या प्रमाणावर होते. इतर अनेक पेशींमध्ये साठा रिता झाल्यावर उघडणारी जी ठरावीक मार्गिका असते, तिचे जनुक काढूनही उंदरांची प्रजननक्षमता टिकते, याचे अनेकांना आश्चर्य वाटले होते.

आता मोजणाऱ्याविषयी. तो आहे, आणि त्याचे नाव कॅम-कायनेज २, त्यातही त्याचे गॅमा रूप. कॅल्शियम वाढले की हे विकर एमी२वर फॉस्फेटची खूण करते, त्या खुणेमुळे पोलो-कायनेज १ हे दुसरे विकर तिथे येऊन बसते, आणि मग एमी२ची विल्हेवाट लागते. एपीसी मोकळे होते, सायक्लिन-बी आणि गुणसूत्रांची जोडी धरून ठेवण्यास मदत करणारे सेक्युरिन मोडले जातात, गुणसूत्रे अलग होतात आणि दुसरे ध्रुवपिंड, म्हणजे जादा गुणसूत्रे घेऊन निघणारी छोटी पेशी, बाहेर पडते. हे विकर प्रत्येक स्पंदनाबरोबर चढते आणि उतरते. पण त्याच वेळी अंडपेशी सायक्लिन नव्याने बनवतही असते. त्यामुळे एकाच स्पंदनाने झालेले काम पेशी भरून काढू शकते, आणि नुकतीच बाहेर पडलेली अंडपेशी एका चढाने अर्धवट जागी होऊन पुन्हा गोठल्याची उदाहरणे प्रयोगात दिसतात. जुनी होत चाललेली अंडपेशी मात्र एका धक्क्यानेही सुटते. याच कारणाने प्रयोगातील अंडपेशी किती तासांची होती हे न सांगता दिलेल्या निष्कर्षांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

क्षेत्रफळ की संख्या, या प्रश्नावर डुसिबेला यांच्या गटाने २००२ मध्ये सुंदर प्रयोग केला. विजेच्या ठोक्यांनी पटलाला क्षणभर छिद्रे पाडून त्यांनी हवी तेवढीच स्पंदने दिली. परिधीय कणिका (पटलाखालच्या, नंतरच्या शुक्राणूंना अडवणाऱ्या विकराच्या पिशव्या) रिकाम्या होऊ लागण्यासाठी सर्वांत कमी स्पंदने लागली, विभाजन पुढे सरकण्यास अधिक, आणि पूर्वकेंद्रके बनण्यास त्याहून अधिक. शिवाय प्रत्येक काम सुरू करण्यास जेवढी स्पंदने लागतात त्यापेक्षा ते पुरे करण्यास जास्त लागतात. त्याच पद्धतीने झां-पिएर ओझिल यांनी असेही दाखवले की एकूण कॅल्शियम फारच कमी किंवा फारच जास्त दिले तर पुढे भ्रूणातील जनुकांच्या अभिव्यक्तीत फरक पडतो. माझे मत असे की अंडपेशी आकडे मोजत नाही, ती बेरीज करते; मात्र त्या बेरजेला गळती आहे, म्हणून ठोक्यांमधले अंतरही महत्त्वाचे ठरते.

अर्धविराम:

गळती असलेला समाकलक! मग सलग वरची पातळी का ठेवत नाही, हेही लक्षात आले: ग्राही मिटतो, आणि सतत उंच राहिलेले कॅल्शियम तंतुकणिकांना सोसत नसणार.

सूक्ष्मदृष्टी:

होय. दीर्घकाळ उंच राहिलेले कॅल्शियम पेशीला मरणाकडे नेते. ठोके देणे हा कमी नुकसानीत जास्त काम करून घेण्याचा मार्ग आहे.

पाऊलवाट:

विषयांतर वाटल्यास दुर्लक्ष करावे. आमच्या बाबतीत दोन वेळा इक्सी झाले आणि दोन्ही वेळा एकाही अंडपेशीचे फलन झाले नाही. दवाखान्यात आम्हाला ‘अंडी चांगली नव्हती’ असे एका वाक्यात सांगितले गेले, आणि घरात तो दोष आपोआप माझ्या पदरी आला. शुक्राणूंची संख्या आणि हालचाल सामान्य असल्याने दुसऱ्या बाजूचा विचार कोणी केला नाही. वरील लेखन वाचून पहिल्यांदाच असे वाटते आहे की कारण शुक्राणूच्या आतही असू शकते. हे खरे आहे का?

तळटीप:

पाऊलवाट ताई, मी भ्रूणप्रयोगशाळेत काम करते. तुमच्या बाबतीत काय झाले हे कागदपत्रे न पाहता कोणीही सांगू शकणार नाही, परंतु तुमच्या प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर ‘होय’ असेच आहे.

इक्सीच्या साधारण १ ते ३ टक्के चक्रांत सर्वच्या सर्व अंडपेशी फलनाविना राहतात. त्यामागे अंडपेशीची कारणे असतात तशी शुक्राणूचीही असतात. २००९ मध्ये अशाच एका पुरुषात पीएलसी-झीटाच्या ३९८ व्या स्थानी हिस्टिडीन या अमिनो आम्लाऐवजी प्रोलीन आल्याचे आढळले. त्या एका बदलाने विकराचे काम बंद पडले होते. नंतर आणखी बदल सापडत गेले. गोल डोक्याच्या, अग्रपिंड (डोक्यावरची विकरांनी भरलेली टोपी) नसलेल्या शुक्राणूंमध्येही हे प्रथिन नसते किंवा अत्यल्प असते, आणि तिथे दोष सूक्ष्मदर्शीखाली दिसतो तरी. पण विकरातच बिघाड असेल तर शुक्राणू दिसायला आणि पोहायला अगदी नीटनेटका असू शकतो. नेहमीच्या वीर्यतपासणीत संख्या, हालचाल आणि आकार पाहतात. हे प्रथिन त्यात पाहिले जात नाही. म्हणून ‘सामान्य’ अहवालाचा अर्थ तेवढ्यापुरताच घ्यावा.

अशा वेळी अंडपेशीला कृत्रिमरीत्या जागे करण्याचा मार्ग वापरला जातो. सुईने शुक्राणू सोडल्यावर अंडपेशी काही मिनिटे कॅल्शियम-आयनोफोर असलेल्या द्रवात ठेवतात. हा पदार्थ पटलातून कॅल्शियमची वाहतूक करतो आणि एक मोठा चढ निर्माण करतो. उंदरात स्ट्रॉन्शियम वापरले की तासन्‌तास खरी स्पंदने मिळतात, पण मानवी अंडपेशीवर त्याचा तसा भरवसा देता येत नाही. आयनोफोरने सर्वांनाच लाभ होतो असे नाही; बिघाड कॅल्शियम सुटण्याच्या पायरीवर असेल तरच त्याचा उपयोग. तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांना दोन गोष्टी नेमक्या विचाराव्यात: फलन न झालेल्या अंडपेशींमध्ये शुक्राणूचे डोके आत होते का आणि दुसरे ध्रुवपिंड बाहेर आले होते का, तसेच पीएलसी-झीटाच्या जनुकाची तपासणी आणि कृत्रिम सक्रियण यांचा विचार आपल्या बाबतीत योग्य आहे का. ‘अंडी चांगली नव्हती’ हे निरीक्षण आहे की अंदाज, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आता सूक्ष्मदृष्टी यांच्याकडे दोन मुद्दे. आयनोफोर एकच चढ देतो, तरीही त्यातून निरोगी बाळे जन्मली आहेत. म्हणजे स्पंदनांची मालिका ही नैसर्गिक रीत असली, तरी ती प्रत्येक वेळी अपरिहार्य अट नाही. दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. ‘या विकराशिवाय फलन होऊच शकत नाही’ हे तुमचे पहिल्या लेखातले वाक्य टिकत नाही. २०१७ आणि २०१८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी हे जनुक काढून टाकलेले नर उंदीर तयार केले. त्यांच्या शुक्राणूंनी इक्सी केल्यावर स्पंदने आली नाहीत, हे अपेक्षितच होते. पण नैसर्गिक समागमातून त्या नरांना पिल्ले झाली, फक्त नेहमीपेक्षा कमी.

सूक्ष्मदृष्टी:

तळटीप यांचे आभार. ते वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर इक्सीचे निकाल होते आणि हात सैल सुटला. त्या उंदरांची हकिगत पूर्ण सांगायला हवी. त्यांचे शुक्राणू नेहमीच्या मार्गाने आत शिरल्यावर अंडपेशीत स्पंदने उशिरा आणि मोजकीच येतात. उशीर झाल्यामुळे अंडपेशी स्वतःचे दरवाजेही उशिरा लावते आणि अनेकदा एकाहून अधिक शुक्राणू आत शिरतात. असे भ्रूण वाढत नाहीत. काही मात्र तगतात. ती उशिराची स्पंदने कशामुळे येतात हा प्रश्न उघडा आहे आणि या क्षेत्रात सध्या मला सर्वांत ओढ लावणारा तोच आहे. पॉप नावाचे दुसरे शुक्राणू-प्रथिन यासाठी पुढे आणले गेले होते, परंतु ते काढून टाकलेले उंदीर २०१५ मध्ये सामान्य प्रजननक्षम निघाले.

दरवाजे लावण्याचा उल्लेख झालाच आहे, तर जस्ताविषयीही लिहितो. परिधीय कणिका रिकाम्या होतात तेव्हा त्यांतील ओव्हास्टॅसिन हे विकर बाहेरच्या आवरणातील झेडपी२ प्रथिन कापते आणि नवे शुक्राणू आवरणाला चिकटेनासे होतात. त्याच वेळी उंदराची अंडपेशी अब्जावधी जस्ताचे आयन बाहेर फेकते. २०११ मध्ये हे ‘जस्ताचे स्फुल्लिंग’ प्रथम टिपले गेले, आणि ते कॅल्शियमच्या चढामागोमाग येतात. एमी२ला काम करण्यासाठी जस्त लागते. म्हणून आतले जस्त कमी होणे हेही स्थगिती सुटायला मदत करते. जस्त शोषून घेणारे रसायन दिले तर कॅल्शियम न वाढताही अंडपेशी पुढे सरकते.

खडूफळा:

शेवटची शंका. रंग न भरता ही स्पंदने पाहता येतात का? वर्गात दाखवण्यासाठी विचारतो.

तळटीप:

काही प्रमाणात येतात. २०११ मध्ये उंदराच्या अंडपेशींवर असे दिसले की प्रत्येक कॅल्शियमच्या स्पंदनाबरोबर पेशीद्रव्य किंचित थरथरते, आणि ठरावीक अंतराने घेतलेल्या साध्या छायाचित्रांची एकमेकांशी तुलना केली की ती लय पकडता येते. उघड्या डोळ्यांना मात्र अंडपेशी तीन तास स्तब्ध बसल्यासारखीच वाटते.

सूक्ष्मदृष्टी:

पहिल्या लेखातील शेवटचे वाक्य आता असे वाचावे: ‘इक्सीमध्ये या विकराशिवाय स्पंदने येत नाहीत; नैसर्गिक फलनात ती उशिरा, तुरळक आणि बहुधा अपुरी येतात.’